संशोधनाकडे वळणाऱ्या डॉक्टरांचे कर्ज

अमेरिकेत कर्ज काढून वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर महाविद्यालयातून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या नावावर साधारणपणे २ लाख डॉलरचे कर्ज असते. २०२४-२५ या वर्षात अशा उच्च शिक्षणासाठीच्या सरकारी कर्जाचा व्याजदर ८.०८ टक्के होता, आणि त्यावर लागणाऱ्या जादा कर्जाचा ९.०८ टक्के. म्हणजे मुद्दलाला हात न लावता नुसते व्याजच वर्षाला १६ हजार डॉलरच्या पुढे जाते. पदवीनंतर किमान ३ वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले निवासी प्रशिक्षण, असते. हृदयरोग, कर्करोग, संसर्गजन्य रोग अशी उपशाखा निवडली तर आणखी दोन-तीन वर्षांची फेलोशिप. हे सारे संपेपर्यंत वयाची तिशी उलटून जाते, घरात एखादे लहान मूल आलेले असते आणि कर्जावर व्याज चढत राहिलेले असते. नेमक्या याच वेळी त्या डॉक्टरला ठरवायचे असते, की रुग्णालयात पूर्णवेळ प्रॅक्टिस करायची की ज्या रोगावर आज औषध नाही त्याच्या शोधात उमेदवारी करायची.

पहिल्या वाटेवर पहिल्या महिन्यापासून भरघोस पगार आहे. दुसऱ्या वाटेवर पगार त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी, अनुदान मिळेल याची खात्री नाही, आणि पाच-सात वर्षे घालवून हाती नकारात्मक निष्कर्ष येण्याची शक्यता बरीच. कर्ज नसलेला माणूस या अनिश्चिततेचा विचार करून तरी निर्णय घेऊ शकतो. कर्ज असलेल्याचा निर्णय बहुतेक वेळा हप्त्यानेच झालेला असतो.

या प्रश्नावर अमेरिकेने काढलेला एक उपाय गेली साडेतीन दशके चालू आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, संशोधनाला वाहून घेणाऱ्या डॉक्टरांचे आणि अन्य आरोग्य व्यावसायिकांचे शैक्षणिक कर्ज स्वतः फेडते. आपल्याकडे या योजनेची फारशी चर्चा झालेली नाही. ती व्हायला हवी, कारण सरकारी पैशाने माणसाला एखाद्या कामाकडे वळवायचे कसे आणि तिथे टिकवायचे कसे, याचा बराच विचार तिच्या रचनेत आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच शिकण्याजोग्या आहेत.

योजनेमागची चिंता जुनी आहे. १९७९ साली जेम्स विनगार्डन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला आणि रुग्ण तपासणारा व संशोधनही करणारा डॉक्टर ही नामशेष होऊ घातलेली जमात आहे, असा इशारा दिला. त्या वेळी ते ड्यूक विद्यापीठात होते. पुढे १९८२ ते १९८९ या काळात ते एनआयएचचे संचालक झाले. त्यांचा इशारा खोटा ठरला नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील ४.७ टक्के डॉक्टरांचे मुख्य काम संशोधन होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण सुमारे दीड टक्क्यावर आले आहे. निव्वळ प्रयोगशाळेत काम करणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशिवाय वैद्यकशास्त्र पुढे जाणार नाही. पण खाटेवरच्या रुग्णाचे न जुळणारे लक्षण पाहून ज्याला प्रश्न पडतो आणि तो प्रश्न घेऊन जो प्रयोगशाळेत जाऊ शकतो, असा माणूस वेगळा. त्याची जागा दुसरे कोणी भरून काढू शकत नाही.

असे डॉक्टर पूर्वी कुठून येत होते, याचे उत्तर मोठे बोलके आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत तरुण डॉक्टरांवर लष्करी सेवेची सक्ती होती. तिला एक पर्याय होता: सार्वजनिक आरोग्य सेवेत भरती होऊन बेथेस्डा येथील एनआयएचमध्ये काही वर्षे संशोधन करायचे. त्यासाठी स्पर्धा प्रचंड होती आणि देशातले सर्वांत हुशार तरुण तिथे पोहोचत. १९६८ साली तिथे दाखल झालेल्यांत मायकेल ब्राउन, जोसेफ गोल्डस्टीन, हॅरॉल्ड वार्मस आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे चौघे होते. शरीर कोलेस्टेरॉलचे नियंत्रण कसे करते हे उलगडल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळाले, कर्करोगाच्या जनुकांवरील कामासाठी वार्मस यांना १९८९ साली, आणि पेशींवरील ग्राहक प्रथिनांसाठी लेफ्कोविट्झ यांना २०१२ साली. ज्यांनी पुढे एड्सविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले ते अँथनी फाउचीही त्याच वर्षी आले. लेफ्कोविट्झ तर प्रॅक्टिस करणारा डॉक्टर व्हायचे ठरवून बसले होते. लष्कराची सक्ती नसती तर त्यांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकले नसते, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

या इतिहासातून आम्हाला एक गोष्ट ठळकपणे दिसते. संशोधक जन्मतःच संशोधक असतो, ज्याला ओढ आहे तो कसाही तिथे पोहोचतोच, ही समजूत खरी नाही. ओढ बऱ्याचदा काम करता करता लागते. त्यासाठी हुशार माणसाला दोन-तीन वर्षे त्या कामात राहण्याचे कारण मिळावे लागते. १९७३ साली लष्करी सक्ती संपली आणि ते कारणही संपले. त्यानंतरच्या दशकांत वैद्यकीय शिक्षणाचे शुल्क चढत गेले, आणि तरुण डॉक्टरला उलट दिशेने ढकलणारे कर्ज त्या रिकाम्या जागी आले.

१९८८ साली अमेरिकी काँग्रेसने एड्सवर संशोधन करण्यासाठी एनआयएचमध्ये येणाऱ्या डॉक्टरांचे कर्ज फेडण्याची तरतूद केली. एड्सचे पहिले रुग्ण वैद्यकीय नोंदीत येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. रोग नवा, भीती मोठी आणि सरकारी पगार खासगी उत्पन्नाच्या जवळपासही नाही, अशा परिस्थितीत माणसे आणायची कुठून, असा रोकडा प्रश्न होता. पुढे १९९३ साली संततिनियमन व वंध्यत्वावरील संशोधनाची त्यात भर पडली. २००० साली एकाच वर्षात झालेल्या तीन कायद्यांनी योजना एनआयएचच्या भिंतींबाहेर नेली, आणि देशभरातील विद्यापीठांत, ना-नफा रुग्णालयांत व संस्थांत काम करणाऱ्यांना ती खुली झाली. रुग्णांवरील प्रत्यक्ष संशोधन, बालरोग संशोधन, आरोग्यातील विषमतेचे संशोधन आणि वंचित पार्श्वभूमीतून आलेल्या संशोधकांसाठीचे स्वतंत्र दालन, असे तिचे भाग पडले. डॉक्टरांप्रमाणेच दंतवैद्य, पशुवैद्य, औषधनिर्माणशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि पीएचडीधारकही तिच्यात अर्ज करू शकतात.

रचना अशी आहे. अर्जदाराचे शैक्षणिक कर्ज त्याच्या वार्षिक मूळ पगाराच्या किमान २० टक्के असले पाहिजे. निवड झाली की २ वर्षांचा करार होतो. त्या काळात आठवड्याला सरासरी २० तास संशोधनाला द्यायचे, आणि तेही ना-नफा किंवा सरकारी संस्थेत. त्या बदल्यात एनआयएच दरवर्षी पात्र कर्जाचा चौथा हिस्सा फेडते, मात्र वर्षाला ५० हजार डॉलरच्या मर्यादेत. ही मर्यादा पूर्वी ३५ हजार होती. २०१६ च्या अखेरीस झालेल्या ‘एकविसावे शतक उपचार कायद्या’ने ती वाढवली. म्हणजे २ लाखांचे कर्ज असलेल्या डॉक्टरचे २ वर्षांत १ लाख डॉलर फिटू शकतात. त्यानंतर पुन्हा अर्ज करून कराराचे नूतनीकरण करता येते.

पैसा डॉक्टरच्या हातात येत नाही. तो दर तिमाहीला थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात जातो, आणि त्याआधी ठरल्याप्रमाणे संशोधन झाले असल्याची खात्री करून घेतली जाते. आणखी एक बारकावा आहे, तो आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने फेडलेले कर्ज हे अमेरिकी कायद्यात कर्जदाराचे उत्पन्न धरले जाते आणि त्यावर आयकर लागतो. सरकारने एका हाताने ५० हजार फेडले आणि दुसऱ्या हाताने त्यावरचा कर वसूल केला, तर तुटपुंज्या पगारावरचा तरुण डॉक्टर अधिकच अडचणीत येईल. म्हणून एनआयएच फेडलेल्या रकमेच्या ३९ टक्क्यांइतकी रक्कम त्याच्या नावे कर खात्यातही भरते. योजना आखणाऱ्याने लाभार्थ्याच्या जागी बसून हिशेब केला की अशी कलमे सुचतात. करार मोडला तर दंड आहे, आणि करार गंमत म्हणून मोडावा इतका तो हलका नाही.

आता तासांच्या अटीकडे पाहा. वरवर पाहता ती डॉक्टरवर घातलेली अट वाटते. प्रत्यक्षात तिचा दाब पडतो तो त्याच्या संस्थेवर. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात नव्या डॉक्टरवर विभागाची पहिली अपेक्षा एकच असते: बाह्यरुग्ण विभाग सांभाळ, वॉर्डाच्या फेऱ्या घे, रात्रीची ड्यूटी कर, आणि संशोधन उरलेल्या वेळात कर. उरलेला वेळ कधी उरत नाही. कर्जफेडीच्या अर्जासाठी मात्र संस्थेला लेखी हमी द्यावी लागते, की या व्यक्तीला आठवड्याचे २० तास संशोधनासाठी मिळतील. तरुण डॉक्टरच्या हातात विभागप्रमुखासमोर ठेवण्याजोगा एक कागद येतो. आमच्या मते या योजनेचे खरे मोल फेडलेल्या डॉलरइतकेच या राखून ठेवलेल्या तासांतही आहे, कारण शोध लागायचा असेल तर तो याच तासांत लागणार असतो.

योजनेवर आक्षेप आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला सर्वसामान्य करदात्याचा. डॉक्टर पुढे भरपूर कमावणार. मग त्यांचे कर्ज बस चालवणाऱ्याने आणि शाळेत शिकवणाऱ्याने का फेडायचे? प्रश्न रास्त आहे. पण पुढे भरपूर कमावणारा डॉक्टर तो, जो संशोधन सोडून प्रॅक्टिसला जातो. जो संशोधनात राहतो त्याचा पगार एनआयएचच्या अनुदानातून द्यायचा झाला तर त्यावर कायद्याने कमाल मर्यादा आहे. २०२५ साली ती वर्षाला २,२५,७०० डॉलर होती, आणि तरुण संशोधकाला तीही क्वचितच गाठता येते. शल्यचिकित्सेच्या किंवा हृदयरोगाच्या प्रॅक्टिसमध्ये याच्या दुपटीहून अधिक मिळते. ही तफावत दरवर्षीची आहे आणि आयुष्यभर चालणारी आहे. दोन-चार वर्षांच्या कर्जफेडीने ती भरून निघत नाही, थोडी सुसह्य होते इतकेच. शिवाय अमेरिकेत २००७ च्या कायद्याने आणलेली दुसरी एक सवलत आहे. सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करीत १२० हप्ते भरले की उरलेले सरकारी कर्ज माफ होते. तिच्यात संशोधनाची अट नाही. मोठ्या ना-नफा रुग्णालयात भरपूर पगारावर प्रॅक्टिस करणारा डॉक्टरही तिचा लाभ घेऊ शकतो. करदात्याने हिशेब मागायचाच असेल तर आधी तिथे मागावा. एनआयएचची योजना त्या मानाने फार काटेकोर आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आणि अधिक अवघड. ज्यांचे कर्ज फेडले ते तसेही संशोधनातच राहिले असते, तर सरकारने काय मिळवले? एनआयएचने आपल्या योजनेचे मूल्यमापन करवून घेतले आहे. निवडीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेल्या, म्हणजे गुणवत्तेने जवळपास सारख्याच अर्जदारांची त्यात तुलना झाली. कर्जफेड मिळालेले लोक संशोधनात अधिक टिकले आणि पुढच्या अनुदानांसाठी त्यांनी अधिक अर्ज केले, असे दिसले. संस्थेने स्वतःच्या योजनेविषयी करवून घेतलेला अभ्यास म्हणून त्याला थोडे सावधपणे घ्यावे. तरी तुलनेची पद्धत योग्य आहे आणि निष्कर्ष अपेक्षेला धरून आहे. अर्थात, अर्ज करणारा प्रत्येक जण आधीच संशोधनाकडे झुकलेला असतो. ज्याच्या मनात अजून हा विचारच आलेला नाही, त्याला ही योजना आणू शकत नाही. १९६८ ची सक्ती ते करू शकली. कर्जफेड ते करीत नाही. ती आलेल्याला टिकवते. तिच्याकडून अपेक्षा तेवढीच ठेवली तर ती पूर्ण होते.

तिसऱ्या मुद्द्याची चर्चा कमी होते, आणि आम्हाला तोच सर्वांत वजनदार वाटतो. कर्जाचा भार सर्वांवर सारखा नाही. डॉक्टरांच्या किंवा श्रीमंतांच्या घरातला मुलगा पदवीधर होतो तेव्हा अनेकदा त्याच्यावर काहीच कर्ज नसते. संशोधनाची अनिश्चित वर्षे त्याला परवडतात. शेतमजुराच्या, स्थलांतरिताच्या, एकट्या आईने वाढवलेल्या घरातली मुलगी तितकीच हुशार असली तरी तिला पहिल्या मोठ्या पगाराची नोकरी धरावी लागते. मग संशोधक कोण होतो, आणि त्याबरोबरच कोणत्या रोगांना संशोधक मिळतो, हेही घरच्या ऐपतीवर ठरू लागते. सिकलसेल, बाळंतपणातले मृत्यू, गरीब वस्त्यांतला मधुमेह आणि दमा हे प्रश्न ज्यांनी घरात पाहिले आहेत ते प्रयोगशाळेत पोहोचलेच नाहीत, तर तेथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतही ते उतरणार नाहीत. वंचित पार्श्वभूमीच्या संशोधकांसाठी ठेवलेले वेगळे दालन म्हणूनच योजनेच्या केंद्रस्थानी असायला हवे.

पात्रतेच्या एका अटीत मात्र दुरुस्ती हवी. कर्ज पगाराच्या २० टक्के असण्याचे बंधन गरजूंना प्राधान्य मिळावे म्हणून आले, हे कळते. पण फेलोशिप संपून पहिली अध्यापकाची नोकरी लागली की पगार एकदम वाढतो, आणि ज्याने नेटाने बरेचसे कर्ज फेडत आणले तोच अपात्र ठरण्याची शक्यता निर्माण होते. खरे तर तीच वर्षे सर्वांत घसरणीची असतात: स्वतःचे पहिले स्वतंत्र अनुदान अजून मिळालेले नसते, आणि विभागाचा रुग्णसेवेचा आग्रह वाढलेला असतो. वैद्यकीय पदवीधराला एनआयएचचे पहिले मोठे स्वतंत्र अनुदान मिळते तेव्हा तो बहुधा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. पस्तीस ते पंचेचाळीस या दहा वर्षांत माणूस गळतो. कर्जफेडीचा आधार त्या संपूर्ण काळात पोहोचला पाहिजे.

कोविडनंतरचा एक अनुभव इथे नोंदवायला हवा. साथीने साऱ्या जगाला संसर्गजन्य रोगतज्ज्ञांचे महत्त्व पटवले, आणि तरी २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेत या उपशाखेच्या प्रशिक्षण केंद्रांपैकी फक्त ५६ टक्केच सर्व जागा भरू शकली. कारण सरळ आहे. तीन वर्षे सामान्य वैद्यकात प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरने आणखी दोन वर्षे घालवून संसर्गजन्य रोगतज्ज्ञ व्हावे, तर त्याचे उत्पन्न अनेकदा वाढत नाही, उलट घटते. आणि कर्जावर दोन वर्षांचे व्याज चढते. टाळ्या वाजवून आणि थाळ्या बडवून ही गणिते बदलत नाहीत. त्याच महिन्यात अमेरिकी काँग्रेसने साथरोग सज्जतेच्या कायद्यात या तज्ज्ञांसाठी वेगळ्या कर्जफेडीची तरतूद केली. कायद्यात तरतूद असणे आणि तिजोरीतून पैसा सुटणे यांत मात्र बरेच अंतर असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सध्याचा काळ या योजनेसाठी अवघड आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या मोठ्या अर्थविषयक कायद्याने १ जुलै २०२६ पासून वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर मर्यादा घातली आहे: वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर. शिक्षणाचा पूर्ण खर्च भागवणारी जादा सरकारी कर्जे नव्या विद्यार्थ्यांना बंद होत आहेत. महागड्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना वरचा खर्च खासगी बँकांकडून उचलावा लागेल. कर्जाला लगाम घातला की महाविद्यालये शुल्क कमी करतील, असा या बदलाचा एक युक्तिवाद आहे. तसे झाले तर स्वागतच आहे. पण शुल्क कमी होईपर्यंत ज्यांच्या घरी तारण ठेवायला काही नाही, अशी मुले वैद्यकीय शिक्षणातच येणार नाहीत, मग संशोधन तर दूरच. दुसरीकडे २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी अमेरिकी प्रशासनाने एनआयएचचा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कापण्याचा प्रस्ताव मांडला, आणि चालू असलेली कित्येक अनुदाने मध्येच रद्द झाली. कर्ज फेडून माणसाला प्रयोगशाळेत बसवायचे आणि प्रयोगशाळेचा पैसा काढून घ्यायचा, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. शेतकऱ्याचे पीककर्ज माफ केले आणि विहिरीची वीज तोडली, तर शेत पिकत नाही. कर्जफेड योजना कितीही उत्तम असली तरी तिच्या पुढे अनुदानाचा आणि नोकरीचा भरवसा नसेल तर करार संपताच माणूस निघून जाईल, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांशी या विषयाचा थेट संबंध येतो. योजनेचा लाभ फक्त अमेरिकी नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. मुंबई, पुणे, नागपूरच्या महाविद्यालयांतून शिकून तिकडे रेसिडेन्सीला गेलेला डॉक्टर व्हिसावर असेपर्यंत तिला पात्र नाही, आणि भारतीयांसाठीची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या जे-१ व्हिसावर अनेक डॉक्टर जातात, त्याची मायदेशी परतण्याची अट माफ करून घेण्याचा रूढ मार्ग म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षे रुग्णसेवा. संशोधनाची ओढ असलेला परदेशी डॉक्टर अशा रीतीने नेमक्या उमेदीच्या वर्षांत संशोधनापासून दूर जातो. यात अमेरिकेचेही नुकसान आहे. तिकडेच जन्मलेल्या दुसऱ्या पिढीसाठी मात्र योजना पूर्ण खुली आहे. वैद्यक, औषधनिर्माण, मानसशास्त्र किंवा जीवशास्त्रात शिकणाऱ्या ज्या मुलामुलींवर कर्ज आहे, त्यांनी तिची नियमावली जरूर वाचावी. अर्ज दरवर्षी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत घेतले जातात, आणि साधारण निम्म्या अर्जदारांची निवड होते. एनआयएचच्या कोणत्याही स्पर्धेत हे प्रमाण चांगलेच म्हणावे लागेल.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे सरकारी मदत दोन तुकड्यांत विभागलेली आहे. शिकताना मदत मिळते: २०२४ च्या नोव्हेंबरात मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे, आणि आयकरात व्याजाची वजावट मिळते. पण शिकून झाल्यावर तो विद्यार्थी काय करतो याच्याशी या मदतीचा संबंध नाही. दुसरीकडे बॉण्ड आहे: शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. त्यात सक्ती आहे, पण त्याच्या खऱ्या कर्जाशी तिला देणेघेणे नाही. अनेक घरांत हा दंड भरून मोकळे होण्याचीच तयारी आधीपासून केली जाते. मदतीला कामाची जोड नाही आणि कामाला मदतीची. एनआयएचच्या योजनेने या दोन्ही गोष्टी एकाच करारात बांधल्या आहेत.

आपल्याकडे रुग्णसेवेतून उभे राहिलेले संशोधन झालेच नाही असे मुळीच नाही. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्रभर जागून पाहिले, मृत्यू हृदयावर व फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामाने येतो हे टिपले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने तो टाळता येतो हे सिद्ध केले. कोकणातली कितीतरी मुले त्यामुळे वाचली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या गावांत प्रशिक्षित महिलांच्या हातून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन बालमृत्यू कसे घटतात हे दाखवले, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. ही माणसे असामान्य होती. सामान्य हुशारीच्या, घरी कर्ज असलेल्या तरुण डॉक्टरला असे काम करता येईल अशी व्यवस्था आपण केलेली नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती देते. ती उपयुक्त आहे, पण दोन महिन्यांची गोडी आणि दहा वर्षांचे काम यांच्यामध्ये आज काहीही नाही.

महाराष्ट्र शासनाने, आरोग्य विज्ञान विद्यापीठाला बरोबर घेऊन, सुरुवात छोटी करावी. क्षयरोग, विदर्भातला सिकलसेल, सर्पदंश आणि नवजात बालकांचे मृत्यू हे चार विषय निवडावेत. शासकीय वा विश्वस्त संस्थेत आठवड्याचे किमान २० तास या विषयांवरील संशोधनाला देणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्मात्यांचे शैक्षणिक कर्ज ठरावीक मर्यादेपर्यंत शासनाने थेट बँकेत फेडावे. बॉण्डच्या सेवेत हा काळ धरावा. तासांची हमी अधिष्ठात्यांनी लेखी द्यावी, ती पाळली जाते की नाही हे विद्यापीठाने तपासावे, आणि निवड झालेल्यांची व नाकारलेल्यांची वाटचाल पहिल्या दिवसापासून नोंदवून ठेवावी, म्हणजे योजना चालते की नाही याचे उत्तर दहा वर्षांनी अंदाजाने द्यावे लागणार नाही. पहिल्या तुकडीत पन्नास जण घेतले आणि प्रत्येकामागे १० लाखांचे कर्ज फेडले तरी एकूण खर्च ५ कोटी रुपये होतो. राज्याच्या आरोग्य अर्थसंकल्पात एवढ्या रकमेची जागा आहे; येत्या अधिवेशनात वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांनी ती करून द्यावी.